१.३०, ३.००, ४.४: लॅपटॉपचा खरा स्पीड कोणता?

या आठवड्याचं पत्र, आपल्या सोलापुरातलंच:

"अशोक चौकाच्या मागच्या बाजूला माझे टॉवेलचे सहा माग आहेत. मुलगी यंदा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला लागली, म्हणून नव्या पेठेतल्या एका दुकानातून तिला लॅपटॉप घेऊन दिला. प्रोसेसर आय५-१२३५यू. दुकानदार म्हणाला, 'चार पॉइंट चारचा स्पीड आहे काका, डोळे झाकून घ्या.' खोक्यावरही ४.४ गिगाहर्ट्झ छापलंय. घरी येऊन मुलीने सेटिंग्जमध्ये पाहिलं, तर १.३० गिगाहर्ट्झ! कारखान्याच्या ऑफिसात कोअर टू ड्युओ ई८४०० चा जुना पीसी आहे, तो ३.०० दाखवतो. म्हणजे नवा लॅपटॉप जुन्याच्या निम्मासुद्धा नाही? पुण्याहून भाचा आला होता. त्याने टास्क मॅनेजर उघडला. तिथे आकडा जागेवर राहतच नाही, कधी १.६, कधी ३.९. मग त्याने पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स चालवून पाहिलं, तर एकाऐवजी बारा आकडे आले, त्यातले बरेचसे ४०० मेगाहर्ट्झ. शिवाय बोगोमिप्स नावाचं काहीतरी, पाच हजाराच्या घरात. चहाच्या गाड्यावर दोस्ताला सांगितलं, तर तो म्हणाला, 'गंडवलं बे तुला.' दुकानदाराशी भांडू, का थेट ग्राहक आयोगात जाऊ? आणि खरा स्पीड कोणता ते एकदा सांगा."

मालक, भांडायला जाऊ नका. निदान १.३० च्या कारणावरून तरी नको. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांमधला एकही खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि कॉम्प्युटर त्या सगळ्यांना 'स्पीड' या एकाच नावाने हाक मारतो, तिथे सगळा घोळ आहे.

तुमच्याच मागाचं बघू. मोटारीवर पत्र्याची एक पट्टी असते, तिच्यावर आरपीएम छापलेले असतात. माग बंद असला तरी ती पट्टी तेच सांगते. आता उद्या कोणी येऊन विचारलं, "शेठ, तुमच्या मागाचा स्पीड किती?" तर काय सांगाल? पट्टीवरचा? दोन्ही पाळ्या, महिनाभर, काही न तुटता झेपेल तो? नवा माग बसवताना मेकॅनिकने पाच मिनिटं पळवून दाखवला होता तो? का आत्ता या मिनिटाला धोटा जितक्या वेळा इकडून तिकडे जातोय तो? चारही उत्तरं खरी आहेत. माल किती निघेल याचा अंदाज बांधायचा असेल तर तुम्ही दुसरं धराल आणि माग विकायचा असेल तर तिसरं सांगाल. दुकानदाराने तुम्हाला तिसरं सांगितलं. विंडोजने घरी दुसरं सांगितलं.

१.३०, म्हणजे सेकंदाला १.३० अब्ज ठोके, हा आकडा काय आहे? तुमच्या चिपमध्ये, म्हणजे प्रोसेसरमध्ये, दहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत: दोन मोठे, आठ छोटे. ती बनवणाऱ्या इंटेलने या चिपचं मूळ गणित १५ वॉटवर बांधलंय. १५ वॉट म्हणजे तुमच्या हॉलमधल्या एका चांगल्या एलईडी दिव्याएवढी वीज. एवढ्याच विजेवर, सगळ्या कोअरना एकदम जुंपलं आणि तासन्‌तास चालवलं, तरी मोठे कोअर १.३ गिगाहर्ट्झच्या खाली येणार नाहीत, असं हे वचन आहे. छोट्यांसाठी तेच वचन ०.९ चं आहे, ते विंडोज तुम्हाला दाखवतही नाही. याला बेस स्पीड म्हणतात. हा तळ आहे, आणि एरवी काम करताना चिप त्याच्या बरीच वर असते.

४.४ हा त्याच चिपचा माथा. मोठ्या कोअरपैकी एखाद्यावर काम आलं, चिप थंड आहे, वीज भरपूर आहे, बाकीचे कोअर निवांत आहेत, अशा वेळी तो कोअर ४.४ पर्यंत उडी मारतो. छोट्यांची उडी ३.३ पर्यंत. या उडीत चिप थोडा वेळ ५५ वॉटपर्यंत वीज ओढू शकते, पण पातळ लॅपटॉपचा पंखा तेवढी उष्णता फार वेळ बाहेर टाकू शकत नाही, म्हणून उडी संपते आणि चिप मधल्या कुठल्या तरी आकड्यावर स्थिरावते. खोका पुन्हा एकदा नीट वाचा. ४.४ च्या आधी किंवा मागे बारीक अक्षरात 'अप टू' असेल. दिवाळीत नव्या पेठेत '५०% पर्यंत सूट' असे फलक लागतात ना, तेच हे 'पर्यंत'. आत गेल्यावर ५०% सूट कोपऱ्यातल्या दोन सदऱ्यांवर असते. त्यातही फलक खोटा नसतो.

आता ऑफिसातला जुना पीसी तीनच्या गमजा का मारतो ते बघू. मला हा भाग फार आवडतो, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल.

प्रत्येक प्रोसेसरच्या आत त्याचं नाव कारखान्यातच लिहून ठेवलेलं असतं, ४८ अक्षरांच्या जागेत. विंडोज किंवा लिनक्स विचारतं, "तुझं नाव काय?" आणि चिप ती ओळ जशीच्या तशी देते. इंटेलने वर्षानुवर्षं या नावातच वेग घातला होता. तुमच्या जुन्या चिपचं नाव 'इंटेल कोअर टू ड्युओ सीपीयू ई८४०० @ ३.०० गिगाहर्ट्झ' असं आहे. म्हणजे तो ३.०० कोणी मोजलेला नाही, ते आडनाव आहे. त्या ओळीच्या शेवटी विंडोज स्वतःचा आणखी एक आकडा जोडतं. तो दर वेळी मशीन सुरू होताना नव्याने ठरतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, लिहिला जातो. म्हणून सेटिंग्जमधल्या 'अबाउट'च्या पानावर खूप लोकांना दोन-दोन आकडे दिसतात आणि त्यांच्यात किंचित फरक असला की ते मला पत्र लिहितात.

माझ्याच टेबलावरचा लॅपटॉप आय५-११३५जी७ चा आहे. त्याच्या ओळीत आधी २.४० आणि शेवटी २.४२ असं येतं. हा ०.०२ कुठून आला? चिपला ताल देणारा एक स्फटिक असतो, या पिढीत तो ३८.४ मेगाहर्ट्झचा. त्याची ६३ पट केली की २४१९.२ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे २.४२. नाव ठेवणाऱ्याने गोल आकडा घेतला, मोजणाऱ्याने हिशेबाचा घेतला. काही बिघडलेलं नाही आणि काही फुकटही मिळालेलं नाही.

बाराव्या पिढीपासून, म्हणजे तुमच्या चिपच्या पिढीपासून, इंटेलने नावातलं ते '@' आणि त्यापुढचा आकडा काढून टाकला. एकाच चिपमध्ये दोन जातीचे कोअर आले, दोघांचे बेस स्पीड वेगळे, मग नावात कोणता लिहिणार? काढला ते बरंच केलं असं माझं मत. पण विंडोजने आपली शेपटी तशीच ठेवली. परिणाम असा की तुमच्या लॅपटॉपच्या नावापुढे एकटा १.३० उरला, अंगावर दुसरा कपडा नसल्यासारखा, आणि तो वाचून घरोघरी भांडणं लागताहेत. तुमच्यासारखी पत्रं मला या दोन वर्षांत सगळ्यात जास्त आलीत आणि जवळजवळ सगळी 'यू' अक्षराने संपणाऱ्या चिपबद्दल आहेत. 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारी, म्हणून तिचा तळ खाली.

तुमच्या दोस्ताच्या 'गंडवलं बे' मध्ये अगदीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. या धंद्यात आकड्यांनी गंडवण्याची जुनी परंपरा आहे आणि मीही त्यातून सुटलेलो नाही. नव्वदच्या दशकात मी कॉम्प्युटर जोडून द्यायचो. तेव्हा कॅबिनेटवर एक 'टर्बो' नावाचं बटण असायचं आणि शेजारी लाल दिव्यांचे दोन अंक, ३३ किंवा ६६ असे. गिऱ्हाईकाला वाटायचं, हा स्पीडोमीटर आहे. प्रत्यक्षात ते अंक प्रोसेसरचा वेग मोजतच नसायचे. पाठीमागे छोट्या पिना असायच्या, त्यांच्यावर जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बसवून हवा तो आकडा पेटवायचा. एका गिऱ्हाईकाने "६६ वाला हवा" म्हणून हट्ट धरला, बजेट होतं ३३ चं. मी आकडा ६६ करून दिला. सहा महिने तो गावभर सांगत फिरला की माझं मशीन भावाच्या मशीनपेक्षा कसं सुसाट आहे. आज लाज वाटते. (थोडी मजाही वाटते.)

त्याच काळात देशोदेशीच्या बाजारात चिपवरची अक्षरं घासून वरचा वेग छापण्याचे प्रकार चालायचे. तेव्हा विंडोजने स्वतः ठरवलेला आकडा कामाला यायचा: नाव एक सांगतंय आणि मोजणी दुसरंच, म्हणजे दाल में काला. पुढे २००१ मध्ये इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीने, एएमडीने, वेगळीच तऱ्हा काढली. अॅथलॉन एक्सपी १८००+ नावाची चिप आली. गिऱ्हाईक १८०० म्हणजे १.८ समजून घेऊन जायचं आणि विंडोज एक्सपी दाखवायचं १.५३. मग ते माझ्या दुकानाच्या पायरीवर, आज तुम्ही जसे चिडलात तसेच. एएमडीचं म्हणणं असं होतं की आमची चिप १.५३ वर जेवढं काम उरकते, तेवढ्यासाठी इतरांना जास्त ठोके लागतात. म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर होतं, पण गिऱ्हाईकाला ते पटवताना माझा चहाचा खर्च वाढला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच्यातच आहे. १.३० विरुद्ध ३.०० ही तुलना का करायची नाही? तुम्हाला पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, घेऊन सांगतो, म्हणजे लगेच पटेल. एका मागाचा पन्हा तीस इंच आणि दुसऱ्याचा नव्वद. धोट्याची एक फेरी दोन्हीकडे एकच, पण निघणारं कापड तिप्पट. नुसत्या फेऱ्या मोजून माल किती निघाला हे कोणता मागवाला सांगेल? गिगाहर्ट्झ म्हणजे फेऱ्या. एका सेकंदाला अब्ज ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. एका ठोक्यात चिप किती काम करते, तो पन्हा. २००८ मधल्या ई८४०० पेक्षा तुमच्या नव्या चिपच्या मोठ्या कोअरचा पन्हा खूपच मोठा आहे. शिवाय जुन्यात माग दोन, नव्यात दहा. आणि जुना ६५ वॉटच्या हिशेबाने बनलेला, नवा १५ च्या.

फेऱ्यांच्या शर्यतीचा शेवटही या धंद्याने पाहिलाय. २००० च्या मार्चमध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनीही दोन-तीन दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झ गाठला. मग पेन्टियम ४ पळत सुटला, ३.८ पर्यंत आला आणि चारच्या उंबऱ्यावर उष्णतेपुढे बसला. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झची घोषित केलेली चिप रद्द केली. तिथून पुढे सगळ्यांनी पन्हा वाढवला आणि मागांची संख्या वाढवली. लोकांच्या डोक्यातली शर्यत मात्र अजून फेऱ्यांचीच आहे.

आता टास्क मॅनेजरमधला हलणारा आकडा. मालक, तुमच्या सगळ्या आकड्यांमध्ये हाच एकटा कामाचा. चिपच्या प्रत्येक कोअरमध्ये दोन काउंटर असतात. एक कायम ठरलेल्या चालीने वाढतो, दुसरा कोअर प्रत्यक्ष जेवढे ठोके घालतो तेवढा वाढतो. गंमत अशी की कोअर झोपला की दोन्ही थांबतात. धागा तुटून माग थांबला की तुमचंही काउंटर थांबतं, तसंच. विंडोज ठरावीक वेळाने दोन्ही काउंटर वाचतं, त्यांचं प्रमाण काढतं आणि त्यावरून म्हणतं, 'जागे असताना सरासरी इतका वेग होता.' साध्या सेटिंगवर हे सेकंदाला एकदा होतं. त्या एका सेकंदात चिपने आपली चाल कितीतरी वेळा बदललेली असते. तुम्हाला दिसते ती त्या सगळ्याची गोळाबेरीज, तीही दहा कोअर मिळून एकच.

म्हणून भाच्याला तिथे वर 'युटिलायझेशन ४%' आणि खाली '३.९ गिगाहर्ट्झ' असं एकत्र दिसलं असेल, तर ते परस्परविरोधी नाही. चिप सेकंदातला थोडाच वेळ जागी होती, पण जागी होती तेव्हा पळत होती. काम पटकन उरकायचं आणि झोपायचं, यात बॅटरी वाचते. आणखी एक: टास्क मॅनेजर उघडणं हेच चिपसाठी एक काम आहे. खिडकी उघडल्या उघडल्या आकडा उसळतो तो त्यामुळे. पाहुणा आल्यावर कामगार जोरात हात चालवतात, तेवढाच त्याला अर्थ. दहा-पंधरा सेकंद थांबून मग बघा.

लिनक्सचे बारा आकडे का? दोन मोठे कोअर प्रत्येकी दोन-दोन कामं हाताळतात, ते चार, आणि छोटे आठ. लिनक्स प्रत्येकाचा हिशेब वेगळा देतं. ४०० मेगाहर्ट्झ ही या चिपची सगळ्यात सावकाश चाल, भाचा नुसता पडद्याकडे बघत असताना बाकीच्यांनी दुसरं काय करायचं? हा आकडा नेमका काय दाखवावा यावर खुद्द लिनक्स लिहिणाऱ्यांचंही एकमत नव्हतं. २०१७ मध्ये ४.१३ आवृत्तीत त्यांनी तो कायम एकच राहील असा करून टाकला, तक्रारी आल्या आणि पुढच्याच आवृत्तीत निर्णय फिरवला. बोगोमिप्स मात्र सोडून द्या. तो लिनक्सने सुरू होताना स्वतःच्या वेळकाढू चकरांचा अंदाज घेण्यासाठी वापरलेला आकडा. लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, त्या आकड्याच्या नावातच 'बोगस' ठेवलंय, यापेक्षा प्रामाणिक पाटी मी कुठल्या दुकानावर पाहिलेली नाही.

अॅपलने हा गुंता एका फटक्यात सोडवला. २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणल्यापासून 'अबाउट धिस मॅक'मध्ये फक्त चिपचं नाव येतं, गिगाहर्ट्झ नाहीतच. कोणी भांडायला जात नाही, कारण भांडायला आकडाच नाही. मला हे अर्धवट पटतं. गिऱ्हाईकाला शहाणं करण्यापेक्षा आकडा लपवणं सोपं, हे खरं. पण विंडोजसारखा तळाचा आकडा बिनमथळ्याचा टांगून ठेवण्यापेक्षा ते बरं.

असो. आता तुमचा लॅपटॉप तपासून घेऊ. चार्जर लावा, खोक्यात आलेलाच. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे पॉवर अँड बॅटरी, आणि पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स, मग सीपीयू. उजवीकडे 'बेस स्पीड १.३० गिगाहर्ट्झ' दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा. डावीकडचा मोठ्या अक्षरातला 'स्पीड' बघायचा. आता मुलीला सांगा, चार-पाच जीबीचा एखादा फोल्डर झिप करायला लाव. पहिले काही सेकंद आकडा तीनच्या वर जायला हवा. मग हळूहळू उतरेल आणि कुठे तरी ठरेल. १.३ च्या वर ठरला म्हणजे इंटेलचं वचन पाळलं गेलं. दोनच्या पुढे ठरला तर तुमच्या लॅपटॉपचा पंखा आणि कंपनीने ठेवलेली विजेची मर्यादा दोन्ही बरी आहेत. त्याच चिपचे दोन कंपन्यांचे दोन लॅपटॉप इथे वेगवेगळे वागतात, आणि हा फरक कुठल्याही 'अबाउट'मध्ये दिसत नाही. घेण्याआधी दुकानात पाच मिनिटं अशी चाचणी करू देतात का, हे विचारायला हरकत नसते.

दोन गोष्टींवर डोळा ठेवा. आकडा काही केल्या १.३ च्या वर सरकतच नसेल, अगदी खिळा ठोकल्यासारखा, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' बघा. तिथे १०० ऐवजी ९९ टक्के असेल तर उडी मारण्याची सोयच सहसा बंद होते. 'लॅपटॉप गरम होतो' म्हटल्यावर काही दुरुस्तीवाले हा एक टक्का गुपचूप कमी करून देतात आणि दोनशे रुपये घेतात. दुसरी गोष्ट, आकडा ०.४ किंवा ०.८ च्या आसपास अडकला आणि सगळं गोगलगाईसारखं चाललं, तर आधी चार्जर बदलून बघा. काही लॅपटॉप परका किंवा कमी ताकदीचा चार्जर ओळखला की स्वतःला वेसण घालून घेतात. चार्जर बरोबर असेल तर मग उष्णता.

उष्णतेबद्दल आपल्या गावात बोलायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ वर जातो. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. आत येणारी हवाच तापलेली असेल तर चिपला उडी मारायला जागाच उरत नाही, ती लवकर खाली येते. त्यात लॅपटॉप पलंगावर, आणि पलंगावर आपली सोलापुरी चादर. चादर उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही, पण तिच्या जाड पोतात लॅपटॉपच्या पोटाखालची जाळी पूर्ण बुजते. मुलीला एक लाकडी पाट द्या.

आणि मालक, तुमच्या घरात माग असतील किंवा घराला लागून असतील, तर आणखी काळजी. पूर्व भागातल्या घरांमधले लॅपटॉप मी कितीतरी उघडलेत. पंख्याच्या पुढे तांब्याच्या बारीक पट्ट्यांची एक जाळी असते, आगपेटीएवढी. एकदा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, "नवा असताना छान होता, आता दीडच्या वर जात नाही." उघडला, तर जाळीवर सुताच्या तुसाचा थर. चिमट्याने उचलला, तर सबंध तुकडा अखंड सुटून आला, राखाडी, नमद्यासारखा, जाळीचा आकार जसाच्या तसा उमटलेला. मुलगा म्हणाला, "सर, हे तर विकता येईल." साफ करून बसवला आणि पुन्हा तोच झिपचा प्रयोग केला, तर आकडा जिथे दीडवर अडकत होता तिथे अडीचच्या पुढे राहिला. चिप तीच, विंडोज तेच. तेव्हा वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. तुमच्याकडे दोनदा.

दुकानदाराबद्दल. त्याने 'पर्यंत' हा शब्द गिळला, एवढाच त्याचा दोष, आणि तो सगळेच गिळतात. तेवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात गेलात तर खोक्यावरची बारीक अक्षरं तो पुढे करेल. त्याच्याकडे जायचंच असेल तर दुसऱ्या कामासाठी जा. टास्क मॅनेजरमध्येच 'मेमरी'वर क्लिक करा. '८.० जीबी' आणि 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' असं दिसत असेल, तर त्याला सांगा, तशीच आणखी एक ८ जीबीची रॅम बसवून दे आणि भावात बघ. इंजिनीअरिंगच्या मुलीला गिगाहर्ट्झने जेवढा फरक पडणार नाही, तेवढा रॅमच्या त्या एका पट्टीने पडेल. तिथेच 'स्पीड ३२००' असाही आकडा दिसेल. जुन्या आवृत्त्यांमध्ये त्यापुढे मेगाहर्ट्झ लिहिलेलं असायचं, ते चुकीचं होतं, प्रत्यक्ष ठोके त्याच्या निम्मे असतात. पण त्यावरून आता नवं पत्र लिहू नका.

राहिला ऑफिसातला ई८४००. विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. बँकेचे व्यवहार त्याच्यावर करत असाल तर ते आजच बंद करा. भाच्याच्या पेनड्राइव्हवर जे लिनक्स आहे तेच त्यात टाकून घ्या, बिलं आणि हजेरी लिहायला अजून चार वर्षं चालेल. त्याआधी कॅबिनेट अंगणात नेऊन उघडा आणि ब्लोअर मारा. तोंडाला रुमाल बांधा. दीड दशकाचं तूस आहे ते.